औष्णिक केंद्रांचें ऊन पाणी आणि कोंकणच्या मत्स्यसंपत्तीचीं जुनीं साधनें

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत वीजनिर्मितीच्या केंद्रांतून समुद्रांत पडणाऱ्या ऊन पाण्याचा विषय यावा, हें कांहीं वाचकांस विचित्र वाटेल. सनदा, महजर, शकावल्या व करीने यांच्या पंक्तीला हा पाहुणा कोठून आला, असें त्यांनीं विचारल्यास तें गैर म्हणतां येणार नाहीं. परंतु तारापूर, डहाणू व माडबन या तीन ठिकाणचे वाद पाहिले असतां असें दिसतें कीं, त्यांतील एक मोठी गांठ यंत्रशास्त्रांत नसून 'पूर्वीं येथें काय होतें' या प्रश्नांत आहे; आणि हा प्रश्न आपल्या शास्त्राचा आहे. त्याचें उत्तर देण्याजोगे कागद कोणते, ते कोठें शोधावे, आणि कोणत्या गोष्टींविषयीं ते मुळींच बोलत नाहींत, एवढें मांडण्याचा या लेखाचा हेतु आहे. बोर्ली पंचतन व राजपुरीची खाडी हा मुलूख प्रस्तुत लेखकाच्या पायाखालचा आहे, म्हणून शेवटीं त्याचा विचार केला आहे. तसें करण्यास दुसरेंहि एक कारण आहे, तें त्या ठिकाणीं येईल.

प्रथम हें पाणी ऊन कां होतें तें सांगितलें पाहिजे. कोळसा असो वा अणुभट्टी असो, तिच्या आंचेनें पाण्याची वाफ होते, वाफ चक्र फिरविते, आणि काम करून थकलेली वाफ पुन्हां पाणी व्हावी म्हणून तिला थंड करावें लागतें. अणुकेंद्रांत निर्माण झालेल्या उष्णतेपैकीं सुमारें एक तृतीयांशाची वीज होते. बाकीचे दोन भाग थंड करणाऱ्या पाण्याच्या पदरीं पडतात. कोळशाच्या केंद्रांत कांहीं उष्णता धुराड्यावाटे जाते, तरी मोठा वांटा पाण्याकडेच येतो. साधें त्रैराशिक केलें असतां, एक हजार मेगावॅटच्या अणुकेंद्रास पाण्याचें तापमान दहा अंशांनीं वाढूं द्यावयाचें म्हटल्यास सेकंदास सुमारें ५० घनमीटर, म्हणजे पन्नास हजार लिटर, पाणी लागतें. नदीचें पाणी इतकें पुरत नाहीं, म्हणून अशीं केंद्रें समुद्राच्या कांठीं येतात; एका तोंडानें समुद्र घेतात व दुसऱ्या तोंडानें परत देतात.

ऊन पाणी कोंकणास नवें नाहीं. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचें उन्हेरें, आरवली, तुरळ, राजापूरचें उन्हाळें अशी झऱ्यांची ओळच सह्याद्रीच्या पायथ्याशीं लागलेली आहे, आणि अशा झऱ्यास 'उन्हाळें' हा स्वतंत्र शब्द आपल्या भाषेनें ठेवला आहे. पण झऱ्याचें उन्हाळें कुंडांत मावतें. त्यांत माणसें स्नानें करून पुण्य जोडतात. यंत्राचें उन्हाळें समुद्रांत शिरतें, आणि तेथें स्नान करणारे दुसरेच असतात.

त्यांच्यावर काय परिणाम होतो, याविषयीं शास्त्रज्ञांचें सामान्य मत असें कीं, उष्ण कटिबंधांतील जलचर आपल्या सहनशक्तीच्या वरच्या कांठावरच राहत असतात. थंड देशांतील मासा पांच अंशांची वाढ सोसतो, आमच्याकडच्यास ती बाधते. कोंकणच्या समुद्राचें पाणी हिवाळ्यांत चोवीस-पंचवीस अंशांवर असतें व वैशाखांत तिसाच्या वर जातें. त्यामुळें पौषांत सोडलेलें ऊन पाणी कदाचित् माशांस सुखावहच वाटेल. तेंच पाणी पावसाच्या तोंडावर त्यांच्या जिवावर येतें. उष्णता वाढली कीं पाण्यांत विरघळणारा प्राणवायु कमी होतो, आणि त्याच वेळीं प्राण्याची भूक व श्वासाची गरज वाढते. दहा अंशांस ती साधारण दुप्पट होते. शिवाय पाणी ओढणाऱ्या तोंडांतून अंडीं, पिल्लें व सूक्ष्म जीव आंत जातात आणि नळांतून भाजून निघतात. नळांत शिंपल्यांचीं पुटें चढूं नयेत म्हणून क्लोरीन घालतात, त्याचाहि अंश बाहेर येतो.

येथें एक भेद लक्षांत ठेवणें अवश्य आहे, कारण या लेखाचा सारा भार त्याच्यावर आहे. मासा पोहतो, पाणी न मानवलें तर तो दुसरीकडे जातो, आणि तो मेला कीं गेला हें सांगतां येत नाहीं. तिसऱ्या, कालवें, शिंपले हे जेथल्या तेथें राहणारे. कालव खडकाला चिकटलेलें, तिसरी रेतीच्या पोटांत. त्यांना पळतां येत नाहीं, म्हणून तेच खरे साक्षी. अमेरिकेंत फ्लॉरिडा प्रांतीं बिस्केन उपसागराच्या कांठीं टर्की पॉइंट म्हणून वीजकेंद्र आहे. तेथील ऊन पाण्याचा अपाय १९७० च्या सुमारास सिद्ध झाला तो समुद्रतळाच्या गवतावरून, कारण तें गवत जळून उघडी पडलेली जागा नकाशावर दाखवितां येत होती. वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि अखेर ऊन पाणी उपसागरांत न सोडतां कालव्यांच्या मोठ्या जाळ्यांत फिरवून निवविण्याची व्यवस्था करावी लागली. नुसत्या पोहणाऱ्या माशांवर भिस्त असती तर तो वाद इतका लवकर निकालांत निघता ना.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. ज्या तारापूरच्या कोटावर १७३९ च्या जानेवारींत चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत बाजी भिवराव रेठरेकर पडले, त्या तारापूरचें नांव आज जगाला माहीत आहे तें १९६९ सालीं सुरू झालेल्या अणुविद्युत्केंद्रामुळें. आरंभीं तेथें दोन भट्ट्या होत्या; २००५ व २००६ सालीं ५४० मेगावॅटच्या आणखी दोन चालूं झाल्या, त्यांच्यासाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठलीं. सर्वांचें थंड करण्याचें पाणी समुद्राचेंच. भोंवतालचे मांगेला व कोळी लोक मासळी कमी झाल्याचें सांगतात. पण त्याच किनाऱ्यावर तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, तिच्या रासायनिक सांडपाण्याविषयीं मांगेला समाजाच्या परिषदेनें २०१६ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. शिवाय यांत्रिक नौका व बारीक आंसांचीं जाळीं यांचाहि वांटा आहेच. चार कारणें एका ठिकाणीं मिसळलीं म्हणजे प्रत्येक कारणाचा धनी दुसऱ्याकडे बोट दाखवितो. ऊन पाण्याचा भाग किती, हें वेगळें काढावयाचें तर १९६९ च्या आधींचा त्या त्या गांवचा हिशेब पाहिजे. गांवकरी सांगतात तें आठवणीवरून. आणि आठवण कितीहि खरी असली तरी न्यायासनापुढें ती कागदासारखी उभी राहत नाहीं, हें महजर वाचणाऱ्यांस सांगावयास नको.

डहाणूचें प्रकरण अधिक बोधक आहे. तेथील पांचशें मेगावॅटच्या कोळशाच्या केंद्रास १९८८ सालीं परवानगी मिळाली, त्याविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयानें १९९१ च्या मार्चांत फेटाळला, त्याच वर्षीं जूनमध्यें डहाणू तालुका नाजुक पर्यावरणाचा म्हणून जाहीर झाला, आणि १९९६ च्या निकालानंतर न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं तालुक्यासाठीं प्राधिकरण बसलें. या सर्व काळांत गाजली ती राख, धूर व चिकूच्या बागा. केंद्राच्या धुरांतील गंधक धुऊन काढण्याचें यंत्र या प्राधिकरणाच्या रेट्यानेंच बसलें. खाडीचें पाणी मात्र बरेंचसें मागें पडलें. माझ्या मतें याचें एक कारण साधें आहे. बागाइतदाराजवळ सात-बारा असतो, विक्रीच्या वह्या असतात, झाडें मोजतां येतात. खाडींत चिखलांत उतरून शिंपल्या वेंचणाऱ्या बाईजवळ यांतलें कांहींच नसतें.

माडबन (तालुका राजापूर) येथें योजलेलें जैतापूरचें अणुकेंद्र सहा भट्ट्यांचें, एकंदर ९९०० मेगावॅटचें आहे. त्यास २०१० च्या नोव्हेंबरांत पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली, आणि २०११ च्या एप्रिलांत साखरी नाटे येथें आंदोलनाच्या वेळीं झालेल्या गोळीबारांत एक मच्छिमार मरण पावला. हा लेख लिहीपर्यंत तेथें भट्टी उभी राहिलेली नाहीं. वर दिलेलें त्रैराशिक या केंद्रास लावून पाहिलें तर, पाणी सात अंशांनीं तापूं दिल्यास सेकंदास सहाशें घनमीटरांहून अधिक पाणी लागेल. एवढा प्रवाह वाघोटणच्या खाडीला पावसाळ्याबाहेर कधीं ठाऊक नसेल.

सात अंशांचा आंकडा मीं मनानें घेतलेला नाहीं. १९९८ च्या डिसेंबरांतील केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणें समुद्राचें पाणी वापरणाऱ्या नव्या औष्णिक केंद्रांनीं, ज्या जलाशयांत पाणी सोडावयाचें त्याच्या मूळच्या तापमानावर सात अंशांपेक्षां अधिक वाढ होऊं देतां कामा नये. आतां 'मूळचें तापमान' हे शब्द पाहावे. मूळचें म्हणजे केव्हांचें? अरबी समुद्र गेल्या कांहीं दशकांत स्वतःच तापत चालला आहे. वाढत्या मुळावर सात अंश मोजले तर दरवर्षीं कमाल मर्यादा वर सरकते, आणि नियम मोडल्याशिवाय कालवें मरतात. म्हणजे शासनाच्या नियमाच्या पोटांतच एक ऐतिहासिक प्रश्न बसलेला आहे. त्याचें उत्तर देणारें एक साधन आपल्या संग्राहकांच्या दृष्टीबाहेर राहिलें आहे: एकोणिसाव्या शतकांतील जहाजांचीं रोजनिशीपत्रकें. पुष्कळ जहाजांवर वारा व हवा यांबरोबर पाण्याचें तापमानहि टिपीत असत, आणि असल्या नोंदींवरूनच जगांतील समुद्रांच्या तापमानाचा मागचा इतिहास लावला गेला आहे. मुंबईच्या जुन्या पेढ्यांच्या रद्दींत असें एखादें पत्रक मिळाल्यास तें इंग्रजी आहे म्हणून टाकून देऊं नये.

मासळीविषयीं संस्कृतांत काय आहे, तें थोडक्यांत सांगतों. त्यांत जन्म घालविला असल्यामुळें त्याचा मोह पडतो, पण प्रस्तुत कामीं त्याचा उपयोग मर्यादित आहे. कौटिल्यानें नावध्यक्षाच्या प्रकरणांत मासे धरणाऱ्यांनीं नावेच्या भाड्यादाखल सहावा हिस्सा द्यावा असें सांगितलें आहे. चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लासां'त मत्स्यविनोद म्हणून प्रकरण आहे. त्यांत माशांचे खवल्यांचे व कातडीचे, समुद्रांतले व नद्यांतले असे भेद करून त्यांचीं नांवें दिलीं आहेत. सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं त्यावर निबंध लिहिला तेव्हां प्राणिशास्त्रज्ञांचें तिकडे लक्ष गेलें. पण हे ग्रंथ राजाच्या विनोदासाठीं आणि राजाच्या भांडारासाठीं लिहिलेले. अमुक खाडींत अमुक सालीं काय होतें, हें त्यांत मिळणार नाहीं. आमच्या शेजारच्या दिवेआगरचा शके ९८२ चा ताम्रपट मराठी भाषेच्या इतिहासांत मानाचें स्थान पावला आहे, आणि तो समुद्राच्या हांकेच्या अंतरावर लिहिला गेला. तथापि समुद्राविषयीं त्याच्याकडून अपेक्षा करणें व्यर्थ आहे. दानपत्रें जमिनीचीं असतात, पाण्याचीं नसतात.

इंग्रजी अमदानींतील साधनें अधिक कामाचीं. फ्रान्सिस डे याचा हिंदुस्थानांतील माशांवरील ग्रंथ १८७५ पासून निघाला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत ठाण्याचा भाग १८८२ सालीं व कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ सालीं प्रसिद्ध झाला. मात्र त्यांतील देशी नांवें रोमन लिपींत उतरलेलीं असल्यामुळें ट-त, ड-द, ल-ळ यांचा भेद उरत नाहीं, व एकाच प्राण्याचीं दोन किंवा दोहोंचें एक होण्याचा धोका असतो. ज्यास किनाऱ्यावरची बोली येत नाहीं त्यानें त्या याद्यांवरून सिद्धांत काढूं नयेत.

खरी भिस्त मोडी कागदांवर. पेशवे दप्तरांतून गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पंचेचाळीस भाग काढले. सिद्दीवरील मोहिमेचा इतिहास त्यामुळें उजेडांत आला. परंतु निवडीचा दंडक राजकारण हा होता, आणि तो त्या काळीं योग्यच होता. मोहतर्फ्याच्या पट्ट्या, होड्यांवरील कर, बंदरांतील जकातीचे रोजकीर्द, किल्ल्यांच्या बेगमीच्या याद्या हे कागद अनेकांनीं पाहून बाजूस ठेवले असतील. ते आतां पुन्हां उघडले पाहिजेत. ते उघडतांना दोन गोष्टींचें भान असावें. पहिली ही कीं, मोहतर्फा हा घरावर किंवा धंद्यावर बसतो, मासळीवर नव्हे. वीस वर्षें आंकडा एकच दिसला म्हणून मासळी वीस वर्षें एकसारखी होती असें होत नाहीं, आणि आंकडा घसरला तर आधीं सूट, स्वारी किंवा होड्या परमुलखांत गेल्याचें कारण शोधावें. दुसरी गोष्ट अभ्यासकाच्या सोयीची आहे. सुहूर सन मृगापासून सुरू होतो, आणि पावसाळ्याच्या तोंडीं होड्या वर ओढल्या जातात त्या नारळी पौर्णिमेनंतर पुन्हां पाण्यांत जातात. म्हणून सुहूर सनाच्या एका वर्षाच्या हिशेबांत मासेमारीचा एक पुरा हंगाम अखंड सांपडतो. इंग्रजी वर्षाच्या आंकड्यांत तो मधोमध चिरला जातो. सन लावतांना जो त्रास आपण शिव्या देत सोसतों, त्याचें येथें फळ मिळतें.

निवाड्यांचेंहि तसेंच. डोलीचें जाळें ज्या खुंटांना लावतात त्या खुंटांच्या जागा वहिवाटीनें ठरलेल्या असतात. जेथें वहिवाट तेथें तंटा आणि जेथें तंटा तेथें कागद. अशा तंट्याच्या कागदांत जाळें कोठें होतें, खाडीच्या मुखापासून किती अंतरावर, कोणत्या महिन्यांत, हा तपशील येण्याचा संभव असतो, आणि कराच्या ताळेबंदापेक्षां तो शंभर पट मोलाचा. घराण्यांतील असले कागद अनेकदां कोळ्यांच्या घरीं देवघराच्या पेटींत असतात. संग्राहक मात्र देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यापलीकडे जात नाहींत.

तथापि हे सर्व कागद मिळाले तरी जे प्राणी ऊन पाण्यानें आधीं मरतात त्यांच्याविषयीं ते फारसें बोलणार नाहींत. कर बसतो नावेवर, जाळ्यावर, बंदरांतल्या मालावर. तिसऱ्या, शिंपल्या व कालवें ओहोटीला पायीं जाऊन बायका वेंचतात. त्यांस नाव नाहीं, जाळें नाहीं, बंदर नाहीं. हातांत कोयता किंवा लोखंडी आंकडा, डोक्यावर पाटी, आणि माल दुपारपर्यंत आळींत खपलेला. ज्यावर कर नाहीं त्याची नोंद नाहीं. अशा रीतीनें जो साक्षीदार सर्वांत विश्वासू, नेमका तोच दप्तरांत गैरहजर राहतो, आणि त्याच्याबरोबर त्याच्यावर पोट भरणारी बाईहि. डहाणूस जें झालें त्याचें मूळ अठराव्या शतकांतील जमाखर्चाच्या पद्धतींत आहे, असें म्हटलें तर वाचक हंसतील. पण मला तें तसें दिसतें.

या गैरहजर साक्षीदारास आडवळणानें गांठतां येईल असा एक मार्ग आहे, तो म्हणजे चुन्याचे हिशेब. कोंकणची भूमि काळ्या खडकाची व जांभ्याची. चुनखडीचा दगड तेथें दुर्मिळ. म्हणून किनाऱ्यावर चुना भाजीत तो शिंपल्यांचा. किल्ल्यांची डागडुजी, देवळांचे जीर्णोद्धार, मशिदी, वाडे, विहिरी यांच्या बांधकामाच्या यादींत चुना किती आला, कोठून आला, काय भावानें आला, हें लिहिलेलें असतें. चुन्याची भट्टी जेथें पिढ्यान् पिढ्या चालली तेथें शिंपल्यांचा पुरवठा मोठा होता हें उघड आहे. भट्टी बंद पडली तर कां पडली, तें विचारतां येतें. सिमिट आल्यानें बंद पडली कीं शिंपले संपल्यानें, हा भेद सालावरून लागूं शकेल. भट्टीच्या जागीं जमिनींत राहिलेले शिंपल्यांचे थर हेंहि एक दप्तरच आहे, फक्त तें मोडींत नाहीं.

आतां राजपुरीची खाडी. दिघीच्या समोर पाण्यांत जंजिरा, पलीकडे राजपुरी व मुरूड, आंत म्हसळ्यापर्यंत खाडीचा फांटा. सिद्दींचें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. दिघीस आधुनिक बंदर झालें आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टांत केंद्रीय मंत्रिमंडळानें ज्या बारा औद्योगिक नगरांस मंजुरी दिली त्यांत दिघीचें नांव आहे. तेथें पुढें कोणते कारखाने येतील, त्यांत ऊन पाणी सोडणारें कांहीं असेल किंवा नसेल, याचें भाकित करण्याचा माझा अधिकार नाहीं. मुद्दा एवढाच कीं, तारापूरच्या वादाला जो 'आधींचा' काळ आतां मिळूं शकत नाहीं, तो या खाडीच्या वांट्याला अजून शिल्लक आहे. बोर्ली पंचतनच्या बाजारांत शिंपल्यांची पाटी अजून येते; दिवेआगर, भरडखोल, आदगांव येथें खाडी व समुद्र यांवर जगणारीं घरें अजून आहेत. आजची नोंद पन्नास वर्षांनीं जुना कागद होईल, आणि त्या वेळच्या संशोधकास ती आपल्याला मोहतर्फ्याची पट्टी उपयोगी पडते त्यापेक्षां अधिक उपयोगी पडेल.

नोंद करणाऱ्यांसाठीं दोन-तीन व्यावहारिक सूचना. प्राण्याचें नांव गांवांत जसें उच्चारतात तसेंच देवनागरींत लिहावें, शुद्ध करूं नये. शेजारच्या गांवीं निराळें नांव असल्यास तेंहि द्यावें. वेंचणाऱ्या बाईनें एका ओहोटींत किती पाट्या भरल्या, किती वेळ लागला, आणि तिच्या आईला त्याच खडकावर किती लागे असें ती सांगते, हीं तिन्हीं निरनिराळ्या रकान्यांत असावीं. ऐकीव व पाहिलेलें एकत्र करूं नये. जागा खडकाच्या नांवानें द्यावी, कारण कोळ्यांजवळ प्रत्येक खडकास नांव असतें आणि नकाशावर नसतें. पाण्याचें तापमान साध्या उष्णतामापकानें गुडघाभर पाण्यांत घ्यावें. आणि प्रत्येक टिपणावर तिथि व इंग्रजी तारीख दोन्ही असाव्या: तिथीवरून उधाण होतें कीं भांग, म्हणजे ओहोटी किती खोल गेली होती, हें कळतें, तारखेवरून तापमानाचा आंकडा इतरत्रच्या नोंदींशीं ताडतां येतो.